वाचकांचे प्रश्न : बातमीचा पत्ता काय?

माहिती हवी असली की आधी मोबाइल उघडता की ग्रंथालयातला पेपर, आणि कुठे अडतं, असं आम्ही गेल्या महिन्यात कॉलेज-विद्यापीठातल्या वाचकांना विचारलं होतं. पत्रं भरपूर आली. 'मोबाइल वाईट, पेपर चांगला' एवढं एकदाचं आमच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून काही पालकांनीही लिहिलंय; त्यांची थोडी निराशा होईल. निवडक प्रश्न आणि ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात काम करणाऱ्यांनी दिलेली उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : सेमिस्टरच्या पेपरच्या आदल्या रात्री वर्गाच्या ग्रुपवर 'परीक्षा पुढे ढकलली' असं पत्र आलं. लोगो, शिक्का, सही, सगळं होतं. अर्ध्या मुलांनी पुस्तकं मिटली. सकाळी पेपर झालाच. असं पत्र खरं की खोटं, हे रात्री अकरा वाजता कसं ओळखायचं? (बी.कॉम., दुसरं वर्ष, पुणे)

लोगो, शिक्का आणि सही या तिन्हींकडे आधी दुर्लक्ष करा. जुन्या परिपत्रकावरून उचलून ती नव्या मजकुराखाली चिकटवायला पाच मिनिटं पुरतात. बघायचं ते जावक क्रमांक, दिनांक आणि सहीखालचं पदनाम. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांना २०१६ चा कायदा लागू झाल्यापासून परीक्षांचं काम 'संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ' या पदाकडे आहे. विद्यापीठाच्या पत्राखाली 'परीक्षा नियंत्रक' असं दिसलं, तर कोणीतरी जुना नमुना वापरलाय अशी शंका घ्यायला हरकत नाही. स्वायत्त महाविद्यालयांत मात्र परीक्षा नियंत्रक असतातच. तेव्हा पत्र विद्यापीठाचं की महाविद्यालयाचं, हे आधी बघा.

मग मजकूर. खरं परिपत्रक वाचायला कंटाळवाणं असतं. कोणत्या अभ्यासक्रमाचा, कोणत्या सत्राचा, कोणत्या विषय-संकेतांकाचा, कोणत्या तारखेचा पेपर पुढे गेला, नवी तारीख कोणती, उरलेल्या वेळापत्रकाचं काय, हे सगळं त्यात असतं. 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की उद्याच्या सर्व परीक्षा रद्द' एवढ्यावर जे पत्र संपतं, ते बहुधा एखाद्या अभ्यास न झालेल्या माणसाने लिहिलेलं असतं.

यानंतर संकेतस्थळ. पत्रासोबत आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका. विद्यापीठाचा पत्ता स्वतः टाइप करा, परीक्षा विभागाचं पान उघडा आणि परिपत्रकांच्या यादीत तोच क्रमांक सापडतो का बघा. नाही सापडला, तर यादीतल्या शेवटच्या परिपत्रकाचा क्रमांक बघा. तुमच्या पत्रावरचा आकडा त्याच्यापेक्षा लहान असेल किंवा त्याची मांडणीच वेगळी असेल, तर काय समजायचं ते समजा. संकेतस्थळ रात्री बंद पडलं असेल तर पेपर आहे असं धरून अभ्यास करा. ती चूक ठरली तर एक रात्र वाया जाईल. उलट चुकलात तर सहा महिने.

शासनाचा आदेश म्हणून काही आलं, तर तपासणी आणखी सोपी. शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा संकेतांक १८ आकडी असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. वरची तारीख १४ ऑगस्ट आणि संकेतांकात महिना ०३, असं असेल तर पुढे वाचायची गरज नाही. संकेतांक टाकून मूळ प्रतही शोधता येते.

व्हॉट्सॲपवरच्या बाणांबद्दलही अनेकांनी विचारलंय. एक बाण म्हणजे मजकूर फॉरवर्ड झालेला. दोन बाण म्हणजे तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलेला; असा मजकूर एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, भारतात पाच चॅटची मर्यादा आली. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं होतं. पण बाण नाही म्हणजे मजकूर ताजा, असं मुळीच नाही. स्क्रीनशॉट काढून नव्याने टाकला की बाण जातात.

एक मान्य करायला हवं : या कामात छापील पेपर तुमच्या उपयोगाचा नाही. रात्री आठला निघालेला आदेश दूरच्या गावांसाठी लवकर छापून निघणाऱ्या डाक आवृत्तीत येईलच असं नाही, आणि पहाटे पावसामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली सुट्टी तर त्या दिवशीच्या पेपरात येऊच शकत नाही.

प्रश्न : टेलिग्रामवर 'पेपर फुटला'चे स्क्रीनशॉट येतात आणि त्यावर परीक्षेच्या आधीची वेळ दिसते. मग तो पुरावा का नाही? (यूजीसी-नेटची तयारी, छत्रपती संभाजीनगर)

कारण ती वेळ हवी तशी दाखवता येते. टेलिग्राम चॅनेलचा ॲडमिन आपली जुनी पोस्ट नंतर कधीही बदलू शकतो, तिच्यातलं चित्रही. परीक्षेच्या आदल्या दिवशी काहीतरी फुटकळ टाकून ठेवायचं, परीक्षा झाली की त्या जागी खरी प्रश्नपत्रिका बसवायची. वर वेळ आदल्या दिवशीचीच राहते. फक्त पोस्ट बदलल्याची बारीक खूण कोपऱ्यात येते आणि स्क्रीनशॉट कापताना तीही उडवता येते. मूळ पोस्टवर जाऊन ती खूण आहे का, आणि खालच्या प्रतिक्रिया कोणत्या वेळेपासून प्रश्नपत्रिकेबद्दल बोलायला लागल्या, हे बघा. प्रतिक्रिया सहसा खोटं बोलत नाहीत.

जून २०२४ ची यूजीसी-नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, आठवा. परीक्षा १८ जूनला झाली, ९ लाखांहून जास्त उमेदवारांनी दिली, आणि १९ ला रद्द झाली. टेलिग्रामवर फिरलेला प्रश्नपत्रिकेचा स्क्रीनशॉट परीक्षेच्या आधीचा वाटावा म्हणून त्यात फेरफार केला होता, असं पुढे सीबीआयच्या तपासात आढळलं. फेरपरीक्षा २१ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. या प्रकरणावर कोणी लिहिणार असेल तर १९ ते २१ जूनचे अंक पुरे नाहीत. जुलैचेही काढा. पहिली बातमी पहिल्या पानावर असते आणि तिचा उलगडा काही आठवड्यांनी आतल्या पानावर दोन कॉलमात.

प्रश्न : '२०१६ मधील लातूरची पाणीटंचाई आणि मराठी दैनिकांचे वार्तांकन' हा लघुप्रबंधाचा विषय घेतलाय. नेटवर तेच तेच दहा-बारा दुवे येतात. ग्रंथालयात फाइली आहेत, पण सुरुवात कुठून करू? (एम.ए., नांदेड)

तारखांपासून. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू झाली, तेव्हा १ मार्च ही सुरुवात धरता येईल. पाऊस येईपर्यंतचा काळ घ्यायचा तर ३१ मे हा शेवट. हे झाले ९२ दिवस. तीन दैनिकं घेतलीत तर २७६ अंक. त्यातून न निघालेले आणि गहाळ झालेले वजा करा. वर्षातून काही ठरावीक सुट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी पेपर निघतच नाही (१६ ऑगस्टचा अंक शोधत फाइल दोनदा उलटणारे विद्यार्थी आम्ही दरवर्षी बघतो). म्हणून 'अंक निघाला नाही' आणि 'ग्रंथालयात नाही' या दोन वेगळ्या नोंदी ठेवा. एका अंकाला पाच-सहा मिनिटं धरली तरी २३ ते २८ तासांचं काम आहे. रोज दोन तास बसलात तर दोन आठवडे.

आता एक खड्डा, ज्यात बहुतेक जण पडतात. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे पोचली. दहा वाघिणी (मालगाडीचे डबे), प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे साधारण पाच लाख लिटर पाणी. ही घटना १२ ची, पण १२ च्या अंकात गाडी 'निघाली' एवढंच असणार; 'पोचली' हे १३ च्या अंकात. विद्यार्थी तळटीपेत १२ तारीख टाकतात, परीक्षक तो अंक काढतात आणि तिथे ती बातमी नसते. वहीत दोन रकाने करा : घटनेची तारीख आणि अंकाची तारीख. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तेव्हाही हेच पथ्य.

त्यानंतर आवृत्ती. एकाच दैनिकाचा एकाच तारखेचा अंक लातूरला, पुण्याला आणि सांगली-कोल्हापूरकडे वेगवेगळा असतो. तुमच्या ग्रंथालयात कोणती आवृत्ती येते, हे पहिल्या पानावर नावाच्या पट्टीजवळ छापलेलं असतं. शेवटच्या पानाच्या तळाशी मालक-मुद्रक-प्रकाशकाच्या बारीक ओळीत छपाईचं ठिकाणही सापडतं. लघुप्रबंधात नुसतं दैनिकाचं नाव लिहिणं म्हणजे पाकिटावर फक्त 'महाराष्ट्र' लिहून पोस्टात टाकण्यासारखं आहे. जमलं तर मिरज ज्या आवृत्तीत येतं तिचे एप्रिलचे अंकही बघा. पाणी देणाऱ्या गावाकडून आणि घेणाऱ्या गावाकडून तीच बातमी कशी दिसते, ही तुलना तुमच्या विषयात जीव आणेल.

मोजमाप कॉलम-सेंटीमीटरमध्ये करा. बातमी तीन कॉलम रुंद आणि १४ सेंटीमीटर उंच असेल तर ४२. मथळा आणि छायाचित्र धरायचं की नाही ते पहिल्या दिवशी ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. हे काम ई-पेपरवर होत नाही, कारण पडद्यावर उंची झूमप्रमाणे बदलते. पट्टी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची न्या. धातूच्या पट्टीने जुनं पान कापलं जातं.

नोंदीच्या तक्त्यात हे रकाने ठेवा : दिनांक, आवृत्ती, पान, घडीच्या वर की खाली, मथळा जसाच्या तसा, कॉलम-सेंटीमीटर, छायाचित्र, बातमी कोणाची, आणि बातमीत बोललं कोण. 'बातमी कोणाची' म्हणजे प्रतिनिधी की वृत्तसंस्था. पाच दैनिकांत वृत्तसंस्थेची एकच बातमी असेल तर ती पाच ठिकाणी छापली गेली एवढाच अर्थ; पाच जणांनी ती तपासली असा नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मंत्री किती वेळा बोलले, जिल्हाधिकारी किती वेळा, आणि घागर घेऊन रांगेत उभी असलेली बाई किती वेळा, हे मोजून झालं की तुमचा निष्कर्ष आपोआप पुढे येईल.

सोशल मीडिया इथे कामाचा आहे, पण नंतर. रेल्वेमंत्री सुरेश प्रभू तेव्हा ट्विटरवर सक्रिय होते. प्रगत शोधात तारखांची मर्यादा घालून एप्रिल २०१६ च्या पोस्ट काढता येतात. घोषणा कोणत्या वेळी झाली आणि ती छापून कधी आली, यातलं अंतर त्यावरून कळतं. लोकांच्या प्रतिक्रिया 'जनमत' म्हणून मात्र मोजू नका. टँकरच्या रांगेत उभे असलेले लोक ट्विटरवर नव्हते.

प्रश्न : मी सुट्टीत गावी असतो, विद्यापीठ १२० किलोमीटरवर. ई-पेपर आहे, मग छापील फाइलींचा एवढा आग्रह कशाला? (एम.ए. इतिहास, रत्नागिरी जिल्हा)

आग्रह सगळीकडे नाही. गोंदियाची आवृत्ती रत्नागिरीत कोणतंही ग्रंथालय घेणार नाही; तिथे ई-पेपरच हवा. त्याच्या अडचणी तेवढ्या माहीत असू द्या. मागचे किती अंक उघडे ठेवायचे हे दैनिकाच्या हातात असतं. आज दिसणारा अंक पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही. दुसरं, बरीच वर्षं मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप होत होता. त्यातला मजकूर कॉपी केला तर हाती निरर्थक चिन्हं येतात आणि शोधयंत्रालाही तो मराठी म्हणून वाचता येत नाही. 'शोधलं, पण काहीच आलं नाही' याचा अर्थ बातमी आली नव्हती असा होत नाही. तिसरं, संकेतस्थळावरची बातमी नंतर गुपचूप सुधारता येते. छापलेली बातमी तशीच राहते आणि तिची दुरुस्ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेगळी छापावी लागते.

तालुक्याच्या गावात अनुदानप्राप्त सार्वजनिक ग्रंथालय असतंच. १९६७ च्या कायद्याखाली त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अ आणि ब वर्गात दैनिकं जास्त येतात. पण जाण्याआधी 'मागचे अंक किती दिवस ठेवता?' हा प्रश्न फोनवर विचारा. बऱ्याच ठिकाणी काही महिन्यांनी रद्दी निघते.

इतिहासाचा विषय असेल तर मुंबईला एक फेरी टाळता येणार नाही. ग्रंथ प्रदान कायदा १९५४ चा. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रं आली, आणि देशातल्या ज्या चार ग्रंथालयांना प्रकाशकांनी प्रती पाठवायच्या त्यातलं एक मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. एशियाटिक सोसायटीच्या 'ग्रंथसंजीवनी' या डिजिटल संग्रहात जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या पाहता येतात. शोधताना जुनं लेखन लक्षात ठेवा. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधी अनुच्चारित अनुस्वार छापले जात. 'पुण्यात' शोधाल तर 'पुण्यांत' सुटेल.

प्रश्न : राज्यसेवेची तयारी करतोय. टेलिग्रामवर रोज पेपरची पीडीएफ आणि 'आजच्या महत्त्वाच्या वीस ओळी' मिळतात. मग अभ्यासिकेत बसून अख्खा पेपर वाचण्यात वेळ का घालवायचा? (पदवीधर, पुणे)

अख्खा वाचू नकाच. पण वीस ओळींवरही राहू नका, विशेषतः आता. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्यावरून फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात आंदोलन झालं आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करायचं राज्य लोकसेवा आयोगाने जाहीर केलं. चार पर्यायांतून एक निवडायला एक ओळ पुरत होती. अडीचशे शब्द लिहायला ती पुरणार नाही.

एक ओळ कशी फसवते ते पाहा. 'चालू वर्षाचा विकासदर इतका टक्के' अशी ओळ चॅनेलवर जानेवारीत येते, फेब्रुवारीअखेर येते, मेअखेर पुन्हा येते, आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा असू शकतो. जानेवारीत पहिला आगाऊ अंदाज असतो, फेब्रुवारीत दुसरा, मेअखेर तात्पुरता अंदाज. पेपरातल्या बातमीत दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात हे लिहिलेलं असतं. वीस ओळी काढणारा नेमकं तेच कापतो. तीन आकडे वहीत उतरवून 'चॅनेल चुकीचं आहे' म्हणणारे भेटतात. चॅनेल चुकलेलं नसतं, आकड्याचं नाव तेवढं गळलेलं असतं.

वेळ बांधून घ्या. सगळे मिळून ५० मिनिटं : पहिल्या पानाला पाच, राज्य आणि देशाच्या पानांना पंधरा, अग्रलेख आणि शेजारच्या लेखांना वीस, अर्थविषयक पानाला दहा. गुन्हे, क्रिकेटचा सामना, राजकीय टोलेबाजी सरळ सोडा. अग्रलेख वाचताना लक्षात असू द्या की तो दैनिकाचं मत आहे. त्यातला आकडा हवा असेल तर मूळ बातमीपर्यंत जा. नोंदी तारखेवार करू नका, विषयवार करा. 'सिंचन' हे एक पान, 'नागरी स्थानिक संस्था' हे दुसरं. प्रत्येक नोंदीला चार ओळी : काय झालं, कोणता कायदा किंवा योजना, आकडा आणि तो कोणी दिला, विरोधात कोण काय म्हणतं. तारखेवार वह्या परीक्षेच्या महिन्यात कोणी उघडत नाही.

पीडीएफबद्दल स्पष्ट सांगतो. ई-पेपरची पीडीएफ चॅनेलवर वाटणं हा कॉपीराइटचा भंग आहे. एका हिंदी दैनिकाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २९ मे २०२० रोजी टेलिग्रामला अशी चॅनेल काढायला आणि ती चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं होतं. अभ्यासिकेतला पेपर फुकट आहे आणि कायदेशीरही.

प्रश्न : कोल्हापूरला वसतिगृहात राहते. जुलै उजाडला की घरच्या ग्रुपवर पुराचे फोटो आणि 'पाणी पातळी' येते, आई घाबरून फोन करते. काय तपासायचं? (बी.एस्सी., तिसरं वर्ष)

पातळीच्या मेसेजमध्ये चार गोष्टी हव्यात : ठिकाण, आकडा, तारीख, वेळ. पंचगंगेसाठी ठिकाण म्हणजे राजाराम बंधारा. तिथे ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीत कृष्णेसाठी आयर्विन पूल. तिथे इशारा ४० आणि धोका ४५. 'पाणी ४४ फूट' हे कोल्हापूरला आणि सांगलीला वेगळ्या अर्थाचं आहे, आणि वेळ नसेल तर दोन्हीकडे निरर्थक, कारण काही तासांत पाणी चढतं किंवा उतरतं. जिल्हा प्रशासन तासांच्या हिशेबाने आकडे देतं. ते दोन-तीन ओळीने लिहा आणि फरक काढा. आईला सांगायचा तो हा फरक.

फोटोंपैकी बरेच ऑगस्ट २०१९ चे असतात. फोटो गूगल लेन्समध्ये टाका आणि सर्वात जुना निकाल शोधा. फोटो खूप कापलेला असेल आणि काही सापडत नसेल, तर एखादी पाटी किंवा इमारत एवढाच भाग निवडून पुन्हा शोधा. तरी जमलं नाही तर नियतकालिक विभागात ५ ते १५ ऑगस्ट २०१९ चे अंक मागा. पहिल्या पानांवरचे फोटो एकदा नीट पाहिले की दरवर्षी फिरणारे चार-पाच तुम्ही झोपेतही ओळखाल.

प्रश्न : मुलगा पत्रकारिता शिकतो आणि घरात येणारा पेपर हातात घेत नाही. सगळं रीलवर कळतं म्हणतो. त्याला कसं समजावू? (पालक, नाशिक)

समजावू नका. जेवताना एवढंच विचारा, 'ही बातमी कोणाची, कधीची?' उत्तर आलं तर रील चांगलं होतं. नाही आलं तर तो स्वतःच शोधायला उठेल, निदान पत्रकारितेचा विद्यार्थी असेल तर. पेपर बंद मात्र करू नका.

प्रश्न : प्रकल्पात इन्स्टाग्राम पोस्टचा आणि यूट्यूब व्हिडिओचा संदर्भ दिला तर चालतो का? सर म्हणतात चालत नाही. (एम.ए. समाजशास्त्र, मुंबई)

पोस्ट हाच अभ्यासाचा विषय असेल तर चालतो, नव्हे द्यावाच लागतो. पोस्टमध्ये सांगितलेल्या आकड्यासाठी तिचा संदर्भ देत असाल तर सरांचं बरोबर आहे. तिथे आकड्याच्या मुळाशी जा. द्यायचा तेव्हा खातेदाराचं नाव आणि हँडल, पोस्टचे पहिले काही शब्द, टाकल्याची तारीख, पूर्ण दुवा आणि तुम्ही पाहिल्याची तारीख द्या. व्हिडिओ असेल तर मिनिट-सेकंद. पोस्ट उडतात, म्हणून त्याच दिवशी पूर्ण स्क्रीनशॉट काढा आणि सार्वजनिक पान असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर जतन करून तो दुवाही ठेवा. इन्स्टाग्रामची पानं तिथे नेहमी जतन होत नाहीत. मग स्क्रीनशॉट परिशिष्टात. सर्वसामान्य माणसाचं खासगी खातं असेल तर नाव झाका. वर्तमानपत्रासाठी क्रम असा : लेखक किंवा 'प्रतिनिधी', मथळा, दैनिक, आवृत्ती, दिनांक, पान.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयीन ग्रंथालयात मुलं फाइलीतली पानं फाडून नेतात, नाहीतर बॉलपेनने खुणा करतात. मोबाइलने फोटो काढू द्यावे का? (ग्रंथालय परिचर, जळगाव जिल्हा)

जरूर काढू द्या, आणि कसे काढायचे याचा कागद टेबलावर चिकटवा. फाडणाऱ्यांपैकी निम्मे तरी झेरॉक्सची रांग टाळण्यासाठी फाडतात. कागदावर एवढं लिहा : फाइल टेबलावर सपाट ठेवा, उभी धरू नका. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद. मोबाइल पानाला समांतर धरा, नाहीतर वरच्या ओळी बारीक येतात. पहिला फोटो पूर्ण पानाचा, ज्यात वरची दिनांक आणि पान क्रमांकाची पट्टी आलीच पाहिजे. दुसरा बातमीचा जवळून. फोटोला लगेच नाव द्या, वर्ष-महिना-दिवस-दैनिक-आवृत्ती-पान या क्रमाने, म्हणजे मोबाइलमध्ये ते आपोआप तारखेने लागतात. नुसत्या कात्रणाचा फोटो नेणारे आठवड्याभराने परत येऊन 'ही बातमी कुठल्या पेपरची हो?' असं तुम्हालाच विचारतात.

बॉलपेनच्या खुणांचं कारणही सांगा. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला जेमतेम ४५ ग्रॅमचा. लाकडातलं लिग्निन त्यात शिल्लक असतं, त्यामुळे उजेडात तो पिवळा आणि ठिसूळ होतो. टोकदार पेन दाबलं की रेघेवरच फाटतो. फाइली खिडकीपासून लांब, आडव्या ठेवा. आणि फाटलेलं पान जोडायला सेलोटेप वापरू नका. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांवर उतरतो आणि पट्टी गळून पडते. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ घ्या, मागच्या बाजूने लावा, वर मेणकागद आणि वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. सुटं पान मिळालं तर आधी त्यावर पेन्सिलने तारीख लिहा, मगच बाजूला ठेवा.